शालिनीने मागितलेली शिक्षा

शालिनी साळवे इकडे हिंदी मुलखात, बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहते. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी गणित.

आठवीचा पेपर फुटला तेव्हा आमच्यातल्याच एका शिक्षिकेने, उषाने, प्रिन्सिपलना सरळ सांगितलं, पेपर शालिनीच्या घरून बाहेर गेला. धादांत खोटं! पेपर शाळेच्या कपाटात होते, किल्ली माझ्याकडे होती, आणि मी मान खाली घालून वह्या तपासत बसले. शालिनीला पालकांसमोर उभं केलं तेव्हाही माझी दातखीळ बसलेली. तिने राजीनामा दिला. सहा महिन्यांनी खरं बाहेर आलं, पण कुणी साधं 'चुकलं' म्हणालं नाही. मीही नाही. मी आपली थालीपिठांचे डबे वर पोचवत राहिले.

तोवर शालिनीने चर्चही सोडलं होतं. मग शाळेचा निरोप आला: सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी बाई घेतो. शालिनी म्हणाली, "त्या लोकांत बसून मला आता शिकवता यायचं नाही, संपदा." जिचा आवाज वर्गातून मैदानापर्यंत जायचा, ती हे पुटपुटत म्हणाली. मला माझीच चीड आली.

रविवारी मी तिला हट्टाने चर्चला नेलं. मी गणपतीची भक्त, पण तिचा देव तिकडे असेल तर तिला तिकडेच न्यायला हवं, एवढी अक्कल मला होती. उपासना हिंदीत. शेवटी पास्टर म्हणाले, कुणाच्या मनावर ओझं असेल त्याने मोठ्याने प्रार्थना करावी. शालिनी ताडकन उठली.

"हे प्रभु, जिन्होंने मेरा नाम मिट्टी में मिलाया, उन्हें शिक्षा दे। मेरी आँखों के सामने दे।"

"आमीन!" सगळं चर्च म्हणालं. ओघात मीही म्हणाले. पुढच्या बाकावरच्या आंटींनी तर तिला मिठीच मारली. "जिन्होंने इतना सताया, उनके लिए तू सीख माँगती है, बेटी! कितना बड़ा दिल है!"

शालिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. बारा वर्षं 'शिक्षा विभाग' छापलेले कागद हाताळलेली बाई ती. पण रागात माणूस आपल्या भाषेवर येतो. तिने मागितला होता दंड, आणि लोकांनी हिंदीतली 'शिक्षा' ऐकली होती, म्हणजे शिक्षण. बाहेर पायरीवर बसून ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"लोकांना सांगायचं का खरं?" मी विचारलं.

"लोकांचं सोड. देवाला मराठी येतं गं. मी काय मागितलं ते त्याला पक्कं कळलंय." तिने डोळे पुसले. "तरी त्याने माझ्याच तोंडून दुसरं मागवून घेतलं. माझ्याच्याने जे मागवत नव्हतं, ते. आता त्यावर एवढी माणसं आमीन म्हणालीत. मी कशी मागे घेऊ?"

मला तिचं फार कौतुक वाटलं. मी असते तर ती गंमत चार जणींना सांगून मोकळी झाले असते. ही मात्र आपल्याच चुकीपुढे शहाण्या मुलीसारखी वाकली.

"उद्या जाते मी शाळेत," ती म्हणाली. "उषाशी बोलेन. जमेल तेवढं." मग माझ्याकडे वळून, "प्रार्थनेला उठले तेव्हा मनात एकटी उषा नव्हती, संपदा. तूही होतीस."

आता डब्यांवर भागणार नव्हतं.

"माझं चुकलं, शालिनी. किल्ली माझ्याकडे होती. मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं, ती 'जाऊ दे गं' म्हणेल.

"हो, चुकलं," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला.