गालिच्याखालचा पत्रा

जुनी गाडी बघायला जाताना मी खिशात एक मोजा ठेवतो. त्यात लोहचुंबक असतं. दारांच्या खालच्या कडेवरून ते फिरवायचं, खरा पत्रा असेल तिथं चिकटतं आणि पुट्टी भरून रंग मारलेला असेल तिथं गळून पडतं. आमच्या डेट्रॉइटकडे बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, ते गाड्यांना खालून खात येतं. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणजे मसल कार, विकणारा माणूस कितीही सज्जन दिसला, तरी मी आधी त्याच्याशी नाही, त्याच्या पत्र्याशी बोलतो.

त्या वसंतात माझी भाची कोरीन मला घेऊन असल्या गाड्या बघत फिरत होती. तीन वर्षांपूर्वी महामार्गाच्या कडेला चाक बदलताना तिला एका गाडीनं उडवलं. जीव वाचला, पण डाव्या गुडघ्यात कायमची सळई बसली आणि पाय वाकायचा बंद झाला. त्याआधी ही पोरगी दर शनिवारी पाव मैलाच्या शर्यतीला बापाची गाडी घेऊन उतरायची आणि भल्याभल्यांना धूळ चारायची. आता तिला परत उतरायचं होतं. बाप गेला, त्याची गाडीही गेली होती. तिला भक्कम पत्र्याची एक जुनी गाडी हवी होती, म्हणजे इंजिन, ब्रेक, मागची चाकं सगळं आपल्या मनासारखं करता येईल. आणि मुख्य म्हणजे क्लच काढून ऑटोमॅटिक गियर बसवता येईल.

बघितलेल्या गाड्यांबद्दल काय सांगू? वरून कीर्तन, आतून तमाशा. एकीच्या डिकीत उभं राहून खालचं गवत दिसत होतं आणि मालक म्हणत होता, थोडी हवा खेळती राहते. कोरीन प्रत्येक वेळी हसायची आणि परत येताना यादीतला तो पत्ता खोडायची. मला ते खोडणं बघवत नसे.

मग शेजारच्या हॅमट्रॅमिक गावातल्या लेनर्ड वोयतासबद्दल कळलं. म्हातारा शहात्तरचा, पोलिश, मुलीकडे ॲरिझोनाला राहायला निघालेला. त्याच्याकडे सत्तर सालची निळी शेवेल गाडी होती आणि ती त्यानं कधी मिठाच्या रस्त्यावर काढलीच नव्हती. पण गिऱ्हाईक त्याला पसंत पडत नव्हतं. गाडी कारखान्यातूनच हातानं टाकायच्या चार गियरच्या दांड्यासकट आलेली आहे, आणि जो तो दांडा काढणार नाही असा शब्द देईल त्यालाच ती मिळेल, अशी त्याची अट होती.

आमच्याकडच्या लोकांचं हे एक खूळच आहे. शर्यत जिंकणारे निम्म्याहून जास्त ऑटोमॅटिक चालवतात, पण मान मिळतो तो दांड्याला. दांडा कारखान्याचा असेल तर लोक टोपी काढून गाडीभोवती फिरतात. तो काढणाऱ्याला मात्र कुणी चहा-कॉफीलाही विचारत नाही. वाटेत मी कोरीनला म्हटलं, शब्द देऊन टाक, म्हातारा ॲरिझोनातून बघायला येणार आहे का? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन सिग्नल समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिलो.

लेनर्डनं गराजचं दार वर केलं आणि माझं चुंबक पहिल्यांदाच मोज्यासकट सगळीकडे चिकटत गेलं. चाकांच्या कमानी, दारांच्या कडा, डिकीचा तळ, सगळा अस्सल पत्रा. दारं बोटानं ढकलली तरी लागत होती. कोरीन गाडीभोवती हळूहळू फिरली. तिचा चेहरा मी तीन वर्षांत असा पाहिला नव्हता, आणि मला एकदम भीती वाटली.

कारण ती खोटं बोलणार नव्हती. तिनं सरळ सांगितलं, "मिस्टर वोयतास, माझा डावा पाय वाकत नाही. क्लच मला दाबता येणार नाही. मी दांडा काढीन आणि ऑटोमॅटिक बसवीन."

लेनर्डनं तिच्या पायाकडे बघितलं. त्याला वाईट वाटलं, ते दिसलं. तरी मान हलवत तो म्हणाला की मग ही गाडी तुझ्यासाठी नाही, पोरी. ही गाडी त्याच्या थोरल्या भावानं, कॅसिमिरनं, ज्याला घरी केझ म्हणत, लेनर्ड फौजेतून परतला तेव्हा त्याच्या हातात दिली होती. केझ स्वतः गाड्यांच्या कारखान्यात पत्रे दाबायच्या मशीनवर होता, आणि खास शोधून दांड्याची गाडी आणली असं त्यानं सांगितलं होतं. केझ आता नाही. त्यानं दिलेल्या वस्तूला करवत लावू देणार नाही, एवढंच लेनर्डचं म्हणणं होतं.

निघायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. असली गाडी पुन्हा बघायला मिळणार नव्हती, तर कारखान्यानं दांड्यासाठी तळाच्या पत्र्याला दिलेला उंचवटा एकदा खालून बघू द्याल का, असं मी विचारलं. लेनर्ड खुलला. बघ की, म्हणाला, असं काम आता कोण करतं.

मी टॉर्च घेऊन खाली सरकलो. कारखान्यात तो उंचवटा वेल्डिंगच्या ठिपक्यांनी बसवतात, सारख्या अंतरावर, शिवणीसारखे. इथं ठिपके नव्हते. इथं एक सलग, हातानं ओढलेली वेल्डिंगची रेघ होती, वरून काळा रंग दिलेली. रेघ सुरेख होती, पण ती कुणा माणसाची होती. मी पुन्हा पुन्हा टॉर्च फिरवला. ही गाडी ऑटोमॅटिक जन्मली होती. कुणीतरी तिचा तळ कापून तिला दांडा बसवला होता.

खाली पडल्या पडल्याच मला दोन्ही गोष्टी कळल्या. हे सांगितलं तर म्हाताऱ्याची अट उरत नाही, आणि म्हाताऱ्याचंही काही उरत नाही. बाहेर आलो तेव्हा मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. पण थोबाड कुठं लपवणार?

"काय दिसलं?" लेनर्डनं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, छान आहे. त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी हळू. मग मी विचारलं की आतला गालिचा कधी उचललाय का.

"नाही. केझनं बजावलं होतं. कारखान्याचा गोंद आहे, एकदा सुटला की गाडीची अस्सलता गेली."

असला काही गोंद नसतो. हे मला माहीत होतं, कोरीनला माहीत होतं, आणि ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर लेनर्डलाही बहुधा पहिल्यांदाच विचित्र वाटलं.  मग मी खरं ते सांगितलं, जेवढं हळुवार जमलं तेवढं.

तो भडकला. माझ्या डोळ्यांचा, माझ्या टॉर्चचा, माझ्या अख्ख्या खानदानाचा त्यानं उद्धार केला. गाडी स्वस्तात लाटायचा डाव आहे म्हणाला. "निघा इथून," तो म्हणाला, आणि आम्ही निघालोही. कोरीन लंगडत दारापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मागं गालिचा टरकन सुटल्याचा आवाज आला.

लेनर्ड गाडीच्या दारात गुडघे टेकून बसला होता आणि हात आत घालून पत्र्याची कड चाचपत होता. डोळ्यांनी बघतही नव्हता. त्याची बोटं दांड्याभोवतीच्या भोकावरून गोल फिरली, एकदा, पुन्हा एकदा.

"दुमडलीय," तो म्हणाला.

मला कळलं नाही. कोरीन जवळ गेली. तिनंही हात घातला आणि म्हणाली, "हो, सगळी कड आत वळवलीय. गालिच्याखाली कोण बघणार होतं? एवढं कशाला करील कुणी?"

"केझ करील," लेनर्ड म्हणाला. "कारखान्यात पत्र्यानं त्याचं बोट गेलं होतं. तेव्हापासून टपालाची पेटी असो नाही तर कुत्र्याचं घर, कापलेली कड तो तशी ठेवायचाच नाही. दुसऱ्या कुणाचा हात कापू नये म्हणून."

मग तुटक तुटक बाहेर आलं. फौजेतून लेनर्डनं घरी लिहिलं होतं की परतलो की दांड्याची गाडी घेईन. त्या हिवाळ्यात केझनं गराजला कुलूप लावलं होतं आणि आईलाही आत येऊ देत नव्हता. तशी गाडी त्यांच्या ऐपतीत नव्हतीच. मिळाली ती घेतली, आणि धाकट्याला हवी तशी केली.

"एवढी वर्षं मी लोकांना कारखाना कारखाना म्हणून सांगत राहिलो," लेनर्ड म्हणाला. "आणि हा लबाड समोर बसून माना डोलवायचा." तो हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला माझ्या टॉर्चची लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

तो उठायला गेला. मग उठता येईना म्हणून कोरीनचा हात धरला. उभं राहिल्यावर त्यानं तो सोडला नाही.

"त्यानं माझ्यासाठी कापली. आता तू तुझ्यासाठी काप. फक्त कड दुमड."

"दुमडीन," कोरीन म्हणाली. हा शब्द तिनं लगेच दिला.

गाडी माझ्या घरी न्यायची होती. कोरीनला क्लच दाबता येत नव्हता, तेव्हा मी किल्लीसाठी हात पुढं केला, पण म्हातारा आधीच स्टिअरिंगमागं बसला होता. कोरीन त्याच्या शेजारी बसली. तो तिला म्हणाला की पाय माझा, हात तुझा. मी 'आता' म्हटलं की टाक.

मी माझ्या ट्रकमधून मागं निघालो. पहिल्या चौकात गियर असा खरखरला की फुटपाथवरची माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्या वेळी कमी खरखरला. जोसेफ कांपाऊ रस्त्याला लागल्यावर मी काच खाली करून कान दिले, आणि गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात लोण्यात सुरी जावी तशी गेली. माझ्या पुढच्या काचेतून दर गियरला कोरीनचा डावा खांदा हलताना दिसत होता. तीन वर्षांनी ती गियर टाकत होती, आणि हे तिचं शेवटचंच होतं, कारण दांडा पुढच्या आठवड्यात निघणार होता. माझ्या घराचं वळण आलं. गाडी वळली नाही, सरळ गेली, आणि मीही हॉर्न दिला नाही.