पाचच्या आत नाशिक

सिंधूताईंनी कुही तालुक्यातल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं काढली होती. रडकी, चावरी, माती खाणारी, कडी लावली तरी निसटणारी, अशी शेकडो पोरं त्यांच्या हाताखालून शाळेत गेली. त्यामुळे लेकानं, प्रशिकनं, "आई, ही आठ-नऊ घंटे गाडीत बसन का वं?" असं विचारलं, तेव्हा त्या हसल्याच.

"तीस-तीस पोट्टे एका खोलीत बसवले मी. ही एकटी काय करन मले? तू फक्त समोर पाहून गाडी चालव."

ही म्हणजे मैत्री, प्रशिकची अडीच वर्षांची लेक. तिची आई उन्नती फौजदार व्हायची परीक्षा पास होऊन नाशिकला ट्रेनिंगला गेली, त्याला दहा महिने झाले होते. मधे सुटी मिळणार मिळणार म्हणता मिळालीच नाही. तेवढ्यासाठी सिंधूताई गाव सोडून नागपूरला येऊन राहिल्या. प्रशिक रामदासपेठेतल्या एका लॅबमधे रक्त तपासायचा आणि त्या नात सांभाळायच्या. आता उद्या सकाळी उन्नतीची ट्रेनिंग संपल्याची परेड होती. पण खरी गंमत वेगळीच. परवा उन्नतीचा फोन आला होता, "आई, आदल्या दिवशी चार ते पाच गेटवर घरच्यांना भेटू देणार हायेत. पाचच्या आत या."

तेव्हापासून सिंधूताईंचा पाय जमिनीवर नव्हता. सुनेसाठी तिळाचे लाडू झाले, परेडला नेसायची निळी साडी इस्त्री करून झाली आणि मैत्रीसाठी एक पिशवी भरली गेली. सुतळीत ओवलेल्या बांगड्या, चणे घातलेली बंद डबी, कापडाची बाहुली, कणकेचा गोळा. हत्यारं सगळी अंगणवाडीतली, पारखलेली. भेटीलाही छान दिसावं म्हणून त्या पहाटे निळी साडी नेसूनच निघाल्या.

सहाला गाडी सुटली. समृद्धी महामार्गाला लागेपर्यंत मैत्री आपल्या सीटवर पट्ट्यात बसून राणीसारखी बाहेर पाहत होती. मग बांगड्या झाल्या. डबी झाली. बाहुलीचा एक पाय उपटून झाला. कणकेतली अर्धी प्रशिकच्या मानेवर चिकटली आणि अर्धी पोटात गेली. वर्धा मागं पडायच्या आत पिशवी रिकामी!

"आई, अजून सात घंटे हायेत," प्रशिक आरशातून म्हणाला.

"मले मोजता येते. तू समोर पाहून चालव."

बाहेर पाहावं तर काही दिसेना. सरळ रस्ता, दोन्हीकडे कठडा, ना हाट ना हॉटेल. बैल दाखवावा तर तोही कुठं तरी लांब, ठिपक्याएवढा. कारंजाच्या आसपास मैत्रीनं पट्ट्यातून अंग ताठ केलं आणि म्हणाली, "शू."

या रस्त्यावर कुठंही गाडी थांबवता येत नाही. प्रशिकनं पेट्रोलपंप गाठला. सिंधूताई नातीला घेऊन आत गेल्या. मैत्रीनं नळ पाहिला, बादली पाहिली, भिंतीवरची पाल पाहिली. शू काही झाली नाही. बाहेर आल्यावर मात्र खडीच्या ढिगावर ती अशी बसली की दहा मिनिटं हलायला तयार नाही.

गाडी सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी पुन्हा "शू." पुढच्या पंपावर पुन्हा खडी. त्याच्या पुढच्या पंपावर कुत्र्याची तीन पिलं. या तिसऱ्या खेपेला सिंधूताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. शू म्हटलं की गाडी थांबते, हे पोट्टीनं ओळखलं होतं!

"काहून वं, मलेच शिकवते का?" त्या म्हणाल्या. राग यायचा तर त्यांना अभिमानच वाटून राहिला होता. पण मग त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजत आले होते, आणि गाडी अजून मेहकरच्या अलीकडं.

"आता थांबायचं नाही," त्यांनी ठरवलं. "किती का म्हणेना."

मैत्रीनं म्हटलं. आठ वेळा म्हटलं. नवव्या वेळी तिचा आवाज जरा वेगळा आला, तो सिंधूताईंच्या सव्वीस वर्षांच्या कानांनी टिपला. "प्रशिक, खरी हाये! घे, पंप घे!"

पंपावर त्यांनी तिला उचलून कमरेवर घेतलं आणि धावत सुटल्या. अर्ध्या वाटेत निळी साडी कमरेपासून खालपर्यंत गरम झाली.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. मैत्रीनं आजीच्या तोंडाकडं पाहिलं, मग साडीकडं पाहिलं, आणि मोठ्या समाधानानं म्हणाली, "झाली."

सिंधूताई इतक्या हसल्या की पेट्रोल भरणारा माणूस वळून बघायला लागला. बायकांच्या खोलीत जाऊन त्यांनी मैत्रीला कोरडं घातलं, कपड्यांच्या पिशवीतली जुनी पिवळी साडी नेसली, निळी पिळून मागच्या काचेपाशी वाळत पसरली आणि गाडीत बसता बसता म्हणाल्या, "चाल गा, आता घाई कर."

पण पुढचे चार-साडेचार तास? पिशवी रिकामी, गोष्टी संपलेल्या, गळा बसलेला. सिंधूताई मागं टेकल्या आणि डोळे मिटले. अंगणवाडीत सगळं हाताबाहेर गेलं की त्या काय करायच्या? शिकवणारी ताई आली नसली, पोरं अंगावर आली, की त्या सरळ रजिस्टर उघडायच्या. आपलं नाव ऐकायला पोरगं कसंही असो, गप बसतं.

त्यांनी डोळे उघडले आणि अंगणवाडीतल्या आवाजात पुकारलं, "मैत्री प्रशिक!"

मैत्री चमकली.

"हजर म्हण."

"हजल!"

"बाबा?"

"हजर," प्रशिक समोरून ओरडला.

"ट्रक?" शेजारून एक ट्रक मागं पडत होता. मैत्रीनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याच्या वतीनं किंचाळली, "हजल!"

मग काय विचारता! पूल हजर, टँकर हजर, आजीचा चष्मा हजर, मैत्रीचा डावा बूट गैरहजर, तो सीटखाली सापडला. मघाचा ओकाबोका रस्ता माणसांनी भरून गेला. सिंदखेड राजा गेलं, जालना गेलं. मैत्रीनं आता रजिस्टर आपल्या हातात घेतलं होतं. ती पुकारायची आणि ही दोघं ओरडायची. प्रशिकला बकरी म्हणून हजर व्हावं लागलं, सिंधूताईंना पंखा म्हणून.

संभाजीनगर मागं टाकल्यावर तिनं पुकारलं, "आई?"

प्रशिकनं स्टिअरिंग घट्ट धरलं. मैत्रीनं इकडं तिकडं पाहिलं आणि जरा जोरात विचारलं, "आई?"

"आई समोर हाये," सिंधूताई म्हणाल्या. "आपण तिकडंच जाऊन राहिलो ना बाप्पा. वाट पाहून राहिली ती."

"बाबा, जोलात!" मैत्रीनं हुकूम सोडला.

शिर्डीचा फाटा गेला तेव्हा साडेतीन झाले होते. तिथून मैत्रीचे डोळे पेंगायला लागले आणि सिन्नरला ती गाढ झोपली. गाडीत एकदम शांतता पसरली. पण सिंधूताईंच्या मनात नको नको ते येऊ लागलं. झोपेतून उठवलं की लेकरू रडतं. ओळखलं नाही तर? आईला पाहून माझ्याच गळ्यात पडलं तर? दहा महिने त्या सुनेनं कसे काढले असतील! आणि नाशिकच्या चौकात गाड्यांची ही रांग. चार पस्तीस. चार बेचाळीस.

"पोहोचतो वं आई," प्रशिक म्हणाला आणि त्यानं गाडी पुढच्या मोकळ्या जागेत घातली.

पाचला अकरा मिनिटं होती तेव्हा गाडी गेटपाशी लागली. सिंधूताईंनी मैत्रीला खांद्यावर उचललं. ती कुरकुरली, डोळे चोळले. समोरून ट्रॅकसूट घातलेली एक सावळी बाई पळत येत होती. केस पोरासारखे कापलेले, खांदे रुंद झालेले. दोन पावलांवर येऊन उन्नती थबकली. हात पुढं झाले, पण लेकराला ओढून घ्यायची तिची छाती होईना.

"मैतू," ती हळूच म्हणाली.

मैत्रीनं तिला बुटांपासून वर केसांपर्यंत पाहिलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर हाच चेहरा यायचा, तळहातावर मावेल एवढा. तिनं आजीकडं वळून आश्चर्यानं सांगितलं, "आई मोठी झाली!"

उन्नतीला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. मैत्री खांद्यावरून पुढं झुकली, तिच्या नाकाला बोट लावलं, ते खरंच आहे याची खात्री केली आणि मग सगळं अंग तिच्यावर सोडून दिलं.

"आई, तुम्ही किती दमल्या असान," उन्नती लेकीच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली. "रस्त्यानं त्रास तं नाही दिला ना हिनं?"

"छे! कायचा त्रास," सिंधूताई म्हणाल्या आणि गेटशेजारच्या कठड्यावर मटकन बसल्या. "पण आता दहा मिनिटं तूच पाय तिच्याकडं. प्रशिक, चहा भेटते का पाय बरं कुठं."

प्रशिक चहा बघायला गेलाच नाही. तो तिथंच उभा राहून त्या दोघींकडं पाहत होता, आणि सिंधूताईंनीही त्याला पुन्हा सांगितलं नाही.