उलटे ब्रेक

वहिनी दुकानाची पायरी चढल्या आणि मिस्त्री हातातला टायर सोडून उभा राहिला. साडेचार महिने तो त्यांना चुकवत होता. रस्त्यात लांबून दिसल्या तरी बाजूच्या गल्लीत शिरायचा, चोरासारखा.

"सायकल घ्यायची आहे," त्या म्हणाल्या. "मला स्वतःला."

वहिनी म्हणजे गणिताच्या सरांची बायको. सर मिस्त्रीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि गेले तेही त्याने आदल्या दिवशी नव्या केबल घालून घरी पोचवलेल्या सायकलीवरून पडून. मागून आलेल्या टेम्पोने सायकलीचा चुराडा केला, त्यामुळे कुणी काही तपासलं नाही. कुत्रं आडवं आलं असेल, असं लोकांनी आपसांत ठरवून टाकलं.

कुत्रं वगैरे काही नव्हतं. सर डावखुरे होते. मिस्त्रीच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असायचा, एकट्या सरांचा डाव्या. त्या संध्याकाळी त्याच्या हातांनी वीस वर्षांच्या सवयीने सरांच्याही केबल इतरांसारख्याच जोडल्या. पहाटे उतारावर सरांनी मागचा समजून उजवा ब्रेक दाबला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि सर हँडलवरून पुढे फेकले गेले. अपघाताचं कळलं त्याच क्षणी मिस्त्रीला सगळं समजलं होतं. पण त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. एवढा बडबड्या माणूस, पण तेवढ्यापुरती वाचा बसली होती.

आता मात्र तो सुटलाच. गप्प बसलं तर आतलं बाहेर येईल, अशी धास्ती होती. "ही रेसची नको, वहिनी. वाकून वाकून पहिल्याच आठवड्यात पाठ धराल. आणि ही जाड टायरची दगडधोंड्यांत चालवायची, डांबरी रस्त्यावर नुसता घाम काढते. तुम्हाला हायब्रिड बरी. सरळ बसायचं, हँडल सरळ, टायर मधल्या जाडीचे. नव्या माणसाला रस्त्यावर हीच."

वहिनींनी तीन हायब्रिड पायांत धरून पाहिल्या. दोन उंच पडल्या. तिसऱ्या, करड्या सायकलीवर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले.

"हीच. फक्त ब्रेक उलटे करून द्या, यांचे होते तसे. यांची त्याआधीची मोडकी सायकल घरात होती, तिच्यावरच शिकले मी, महिनाभर मैदानात. आता हाताला तेच वळण पडलंय."

मिस्त्रीने मान डोलावली.

"त्या उतारापर्यंत जायचंय मला," स्टुलावर बसत त्या म्हणाल्या. "त्या पहाटे आमचं भांडण झालं होतं. रोज कसली सायकल, घरात लक्ष द्या, म्हणाले मी. डोकं ठिकाणावर नसेल त्यांचं. सायकल तर तुम्ही आदल्याच दिवशी नीट करून दिली होती. म्हणजे चूक सायकलीची नाही. माझी आहे."

आता बोलायलाच हवं होतं. मिस्त्रीला ते कळत होतं, आणि तरी त्याने पाना उचलला आणि पाठ फिरवून कामाला लागला. आधीच्या केबल सोडवल्या, नव्या ओवल्या, स्क्रू आवळले. डोक्यात वहिनींचं शेवटचं वाक्य घोळत होतं. हात आपले चालत होते.

"झाली बघा."

वहिनींनी हँडल धरून सायकल दोन पावलं चालवली आणि उजवा ब्रेक दाबला. पुढचं चाक थांबलं, मागचं उचललं गेलं. त्यांनी डावा दाबून पाहिला. मग पुन्हा उजवा.

"उलटे सांगितले होते ना मी?"

"चुकलं, वहिनी. सवय हो. हात आपोआपच..."

तिथेच तो थांबला, पण उशीर झाला होता. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करायच्या. समोरच्याला काय दिसतंय आणि काय नाही, हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

"यांचेही असेच जोडले होते?"

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "हो."

वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. स्टुलावर परत बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

"साडेचार महिने मी यांच्या फोटोसमोर बसून माफी मागतेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकदा घरी येता आलं नाही?"

त्या उठून जातील, पोलिसांत जातील, असं त्याला वाटलं, आणि गेल्या असत्या तर बरंही वाटलं असतं. पण त्या हलल्या नाहीत.

"सोडा त्या केबल. परत जोडा, माझ्यासमोर. आणि कुठली कुठे जाते ते मोठ्याने म्हणा."

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. दोन्ही केबल सोडवल्या.

"पुढचा," तो म्हणाला, "डाव्या हाताला."

"ऐकू नाही आलं."

"पुढचा ब्रेक, सरांचा, डाव्या हाताला," मिस्त्री म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. वहिनींनी त्याला थांबू दिलं नाही.

"आता मागचा," त्या म्हणाल्या.