गोळी दिली का?

भागीदार म्हटलं की माणसाला निदान खुर्ची तरी बरी मिळावी. पण इस्पितळाच्या सभागृहात डॉक्टरांना गादीच्या खुर्च्या आणि छातीवर 'रुग्ण-भागीदार' अशी पट्टी लावलेल्या, रुग्णांच्या घरच्या सहा जणांना भिंतीकडेची बाकं. मास्तरीणबाई त्या सहांपैकी एक. तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मूर्खपणा लांबून ओळखायची सवय मात्र काही निवृत्त झाली नव्हती.

त्यांचे यजमान घड्याळजी. कंपवाताने त्यांचे हात निकामी झाले होते. आठ महिन्यांपूर्वी इस्पितळाने एका नव्या गोळीची चाचणी सुरू केली आणि त्या गोळीने सकाळचे दोन-अडीच तास त्यांना हात परत दिले. तेवढ्या वेळात ते शर्टाची बटणं स्वतः लावत, एखादं जुनं घड्याळ उघडून बसत आणि मध्ये बोलली म्हणून बायकोवर खेकसत. मास्तरीणबाईंना ते खेकसणंसुद्धा गोड लागायचं.

आणि आज मोठे डॉक्टर तीच गोळी बंद करायला निघाले होते.

"एकशेवीस रुग्णांपैकी शंभराच्या वर लोकांना काडीचा फरक नाही," पडद्यावरचे आलेख दाखवत ते म्हणाले. "तेव्हा चाचणी इथेच थांबवू. हा निर्णय आपण भागीदारांशी चर्चा करून घेतो आहोत, हे विद्यार्थ्यांनी लिहून घ्या."

विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं. चर्चा झाली ती एवढीच. मग सह्यांचा कागद बाकांकडे सरकला.

उंटावरून शेळ्या हाकणारे ते हेच, मास्तरीणबाई मनात म्हणाल्या. दर महिन्याला फॉर्म यायचा, त्यात प्रश्न एकच: गोळी दिली का? हो किंवा नाही. कशी दिली, कशाबरोबर दिली, घशाखाली उतरली की उशीवर सांडली, याला जागाच नाही. शाळेत कुणी असली प्रश्नपत्रिका काढली असती, तर त्यांनी काढणाऱ्यालाच बाकावर उभं केलं असतं.

शेजारी पोस्टमनकाका बसले होते. आजारी बायकोचं सगळं एकटे करायचे, तक्रारीचा शब्द नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही करताय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही करून काय करू, बाई? हिला गुण आलाच नाही."

"देता कशी गोळी?"

"कुटून. तिला गिळवत नाही ना. बारीक पूड करतो आणि चमच्याने पाण्यातून देतो."

मास्तरीणबाई उडाल्याच. पलीकडच्या चौघांना विचारलं, तर कुणी दुधात, कुणी मधात, पण कुटून सगळेच देत होते. सहांतले पाच!

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "डॉक्टर, ही गोळी कुटायची नसते."

"मनोगतासाठी शेवटी दोन मिनिटं ठेवली आहेत, बाई."

"मनोगत राहू द्या तुमच्यापाशी! खोक्यातल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, अख्खी गिळा, ती पोटात हळूहळू विरघळते, कुटली तर गुण जातो. ह्यांच्या घड्याळाच्या भिंगातून वाचलं मी. मी केळ्याच्या घासात अख्खी देते. बाकीचे हे सगळे कुटतात. या आजारात गिळता येत नाही, हे तुम्हीच या पोरांना शिकवता ना? मग घरी गोळी उतरते कशी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही? आठ महिने तुम्ही गोळी नाही तपासलीत, खलबत्ता तपासलात!"

मागे एक विद्यार्थिनी फिसकन हसली आणि लगेच वहीत तोंड घालून बसली.

"मुद्दा रंजक आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "परिशिष्टात घेऊ."

"मग सह्याही परिशिष्टातच घ्या. भागीदारांच्या सहीशिवाय ठराव होत नाही, हा नियम तुमचाच. मिरवायला आणलंत ना आम्हाला? आता निस्तरा."

पाचही पेनं बंद झाली. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला, शेजारच्यांशी कुजबुज केली, आणि अखेर कागदावरची ओळ खोडून तिथे 'तीन महिने मुदतवाढ' असं लिहिलं. घरोघरी फोन करून गोळी कशी देतात ते विचारायचं, असंही ठरलं.

मास्तरीणबाई खाली बसल्या. चांगली जिरवली, असं त्यांना वाटलं. काका आता शाबासकी देतील म्हणून त्या वळल्या.

काका हातातल्या पेनाकडे बघत होते. "म्हणजे गोळी चांगली होती?"

"चांगलीच म्हणायची."

"आठ महिन्यांपूर्वी ती माझा हात धरून फाटकापर्यंत यायची हो. आता कूस बदलायलाही मीच लागतो." त्यांनी मान वर केली. "तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

दर महिन्याला औषधाच्या खिडकीपाशी दोघं एकामागे एक उभे असायचे. डॉक्टरांच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यात अर्धा-अर्धा तास जायचा.

"कागद तुम्ही वाचला असेल, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"विचारायचं होतं ना, बाई," काका म्हणाले.