कागदाला दोन चांदण्या

दुसरीच्या 'अ' तुकडीच्या बाईंना मुलं चांदणीबाई म्हणत. समोर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. 'आपली वस्ती, आपली माणसं' हा पाठ त्या तेवीस वर्षं शिकवत आल्या होत्या. पत्रं कोण आणतं, रांगेत कसं उभं राहायचं, कचरा कुठे टाकायचा. भिंतीवर सगळ्या मुलांचा तक्ता होता, आणि कोणी चांगलं काम केलं की त्याच्या नावापुढे एक चंदेरी चांदणी चिकटायची.

यंदा 'ब' तुकडीला नव्या बाई आल्या आणि चांदणीबाईंच्या पोटात दुखायला लागलं.

नव्या बाईंकडे ना तक्ता, ना चांदणी. त्या मुलांना सरळ रस्त्यावर घेऊन जात. फाटकावरचे काका जेवतात कधी, पोस्टातल्या काकूंची पिशवी किती जड असते, हे पोरं त्यांनाच विचारून येत. मधल्या सुट्टीत 'ब'ची मुलं कुंपणाशी उभी राहून ओरडत, "मावशी, आज गुडघा कसाय?" रस्ता झाडणारी मावशी झाडू टेकवून म्हणे, "डावा शहाणा आहे गं, उजवा रुसलाय!"

"हल्ली गुडघ्यांवरून नागरिकशास्त्र शिकवतात," चांदणीबाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. कोणी हसलं नाही. तेही त्यांना लागलं.

त्यातच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून पहिली ते चौथीला हा पाठ एकच बाई शिकवतील. दोघींचे वर्ग शुक्रवारी बघून ठरवू.

घरी चांदणीबाईंना घास गिळवेना. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि शाळेत त्यांच्या नावावर या एका पाठाशिवाय होतं काय? सकाळी देवापुढे हात जोडले तरी मनात यायच्या त्या नव्या बाईच. त्यांची ती साधी वेणी, ते सगळ्यांशी हसून बोलणं. एवढं हसायला होतं तरी काय, म्हणते मी!

सोमवारी त्यांनी वर्गात सांगितलं, "शुक्रवारी ज्याच्या चांदण्या जास्त, तो आपला आदर्श नागरिक. आणि रस्त्यावरचा कागद उचलून पेटीत टाकला, तर एका कागदाला दोन चांदण्या!"

बुधवारपर्यंत तक्त्यावर जागा उरली नाही. चांदणीबाईंनी खाली दुसरा पुठ्ठा जोडला आणि येताजाता 'ब'च्या कोऱ्या भिंतीकडे बघून घेतलं. दोन दिवस जेवण अंगी लागलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर झाडणारी मावशी दारात आली. "नव्या बाई आहेत का हो?"

"गेल्या. मला सांगा."

"राहू दे. त्यांनाच सांगेन. त्या ऐकून घेतात."

"आणि मी काय बहिरी आहे?"

मावशी ओशाळली. "तसं नाही हो. पोरांचं सांगायचं होतं. मी लावलेला ढीग लाथेनं उधळतात आणि तेच कागद पुन्हा वेचतात! काल दोघं एका कागदावरून झोंबली. 'मी आधी बघितला' म्हणे. कचऱ्यावरसुद्धा मालकी! तीन दिवस झाले, एकच रस्ता दोनदोनदा झाडतेय. या गुडघ्यानं."

"कोणत्या वर्गाची?"

"काय सांगू? कपडे सगळ्यांचे सारखेच. माझ्याशी बोलणारी मुलं नव्हती, एवढं खरं."

ही पोरं आपलीच, हे चांदणीबाईंच्या लख्ख लक्षात आलं. मावशी गेली तेवढ्यात व्हरांड्यातून मोठ्या बाई आल्या. "काय म्हणत होत्या?"

"मुलं रस्त्यावर कागद उधळतात म्हणे." मग जिभेवर कोण येऊन बसलं कोणास ठाऊक. "'ब'ची असणार. बाहेर हुंदडायची सवय त्यांनाच लावलीय ना."

शुक्रवारी पहिल्याच तासाला मोठ्या बाईंनी 'ब' तुकडीला फैलावर घेतलं. दोन वर्गांमध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. चांदणीबाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता. मोठ्या बाई बोलून बोलून थांबल्या आणि ठरल्याप्रमाणे वर्ग बघायला मागच्या बाकावर बसल्या. एक मुलगी मुसमुसत म्हणाली, "बाई, आम्ही नाही हो टाकले."

"मला माहीत आहे," नव्या बाईंचा आवाज आला.

"मग आमचं नाव कोणी सांगितलं?"

"ते नंतर बघू. मावशींचे पाय दुखतायत की नाही? मग आज पोतं धरायला आपण जाऊ. कागद कोणी का टाकेना."

चांदणीबाईंच्या अंगाची आग झाली. खोट्या आळातसुद्धा हिला इतकं नीट वागता यावं!

"बाई, माझ्या चांदण्या!" एक चिमुरडा त्यांचा पदर ओढत होता. "मी सहा कागद उचलले. बारा द्या."

"कुठून उचललेस?"

"मावशीच्या ढिगातून. तिथे खूप असतात."

"ढीग विस्कटून?"

"मग काय!" त्याला बाईंच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "नाही विस्कटला तर सगळ्यांना पुरणार कसे?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. त्यांनी जे शिकवलं, तेच तो शिकला होता.

चांदणीबाई शेजारच्या वर्गात गेल्या. मुलं उभी राहिली. नव्या बाईंनी पुढे होऊन खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर पुन्हा उठवलं नसतं.

"कागद माझ्या मुलांनी उधळले," त्या मुलांकडे बघत म्हणाल्या. "माझ्या चांदण्यांपायी. आणि हे माहीत असून मी तुमचं नाव सांगितलं."

मोठ्या बाई काही बोलणार, तोच त्या पुढे म्हणाल्या, "पाठ यांच्याकडेच द्या." हे मोठ्या मनाने म्हटलेलं नव्हतं. दाढ उपटावी तसं म्हटलं होतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

नव्या बाई खाली बघत राहिल्या. हसल्या नाहीत, आणि त्याबद्दल चांदणीबाईंना त्यांचा अधिकच राग आला.

मघाची मुलगी नाक पुसत पुढे आली. "मावशीला सॉरी म्हणालात?"

"नाही अजून."

"घाबरू नका, ती ओरडत नाही. पण तुम्हाला तिची बसायची जागा माहितीये का?"

तेवीस वर्षं त्या या रस्त्याने ये-जा करत होत्या. "नाही गं," त्या म्हणाल्या.

मुलीने त्यांचं बोट धरलं. दारापर्यंत जाताना चांदणीबाईंनी एकदा मागे वळून नव्या बाईंकडे बघितलं. मनातला तो काटा जागच्या जागी होता, तसाच टोचत होता. दारातून त्यांनी आपल्या वर्गाला हाक मारली, "चला रे सगळे. तुम्हीही."