नवीन आलेलीला चार मिनिटं

सूनबाईनं जेवणाचं टेबल बळकावलं त्याला आठवडा झाला होता. लॅपटॉप, दोन वह्या, वायरींचं जंजाळ आणि अर्धवट प्यायलेल्या चहाचे कप. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्यानंच जेवत होतो. मुलगा बाहेरगावी कामाला, त्यामुळे कुरकुर करायला तिसरं कोणी नव्हतं.

डोळ्यांच्या एका इस्पितळाची वेबसाइट ती सांभाळते. ती आणि आणखी दोघं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी नऊ वाजता शस्त्रक्रियेच्या तारखा खुल्या होतात आणि लोक त्यांवर तुटून पडतात. मागचे दोन महिने नऊ वाजून दोन मिनिटांनी सगळं गपगार झालं होतं. फॉर्म भरत आणावा आणि पडदा पांढरा व्हावा. इस्पितळाच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी वेबसाइट बंद पडली तर काम बाहेरच्या कंपनीला, तुम्ही तिघं मोकळे.

"म्हणून आता आपोआप करतेय," ती म्हणाली. "आई, तुम्ही बदलीच्या बायका बोलवायचात ना, तसंच. दूर कुठेतरी हजारो मशीन उभ्या आहेत, त्यातल्या आपण भाड्यानं घ्यायच्या. गर्दी वाढली की एक जास्त, ओसरली की एक कमी. कोणी बसून बघायला नको."

मी बत्तीस वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढली, शेवटची चौदा मुकादम म्हणून. रोजच्या आम्ही नऊ जणी. चादरींचा ढीग खिडकीच्या गजापर्यंत चढला की बदलीच्या बायकांना निरोप जायचा. ढीग कमरेखाली आला की त्यांची सुट्टी.

"बोलवायची खूण आणि घालवायची खूण वेगळी ठेवलीस ना?" मी विचारलं. "नाहीतर बोटभर ढीग वर-खाली झाला की बायका रस्त्यातच येरझारा घालत राहतील."

"ठेवलीय. मशीन सत्तर टक्के भरल्या की बोलवायची, तीसवर आल्या की घालवायची."

"आणि नऊला गर्दी येणार हे ठाऊक असताना गर्दी आल्यावर कशाला बोलवायची?"

"साडेआठलाच चार उभ्या करतेय. त्याच्या पुढे आपोआप. आई, तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं आणि कप विसळायला घेतले.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. दुपारी रंगीत तालीम ठरली. खोटी गर्दी सोडायची आणि काय होतं ते बघायचं. तिच्याबरोबरच्या दोघांतला एकजण फोनवर होता. त्याला सगळे घाईकर म्हणतात. हे त्याचं आडनाव नव्हे, स्वभाव आहे.

"सोडू का? सोडू का? सोडली बघ!"

पडद्यावरची भाराची रेघ चढायला लागली. चार मशीन होत्या, पाचवी आली. सूनबाईनं मूठ आवळली. तेवढ्यात पाचवी गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. एकामागून एक नवीन येत होती आणि जात होती, आकडा मात्र चारच्या वर टिकेना. रेघ शंभराला टेकली आणि पडदा पांढरा झाला.

"मेलेल्या मशीन देताहेत आपल्याला!" घाईकर ओरडला.

"सगळ्याच कशा मेल्या असतील?" सूनबाई म्हणाली. तिनं पुन्हा तालीम घेतली. तेच. तिसऱ्यांदा तेच. तिनं कपाळ हातावर टेकवलं. मी तिच्या मागे उभी राहून पडदा बघत होते. ते येणं-जाणं मी आधी कुठेतरी पाहिलेलं होतं.

"अगं, नवीन आलेली कामाला किती वेळात लागते?"

"चारेक मिनिटांत. आधी आपलं सगळं सामान उतरवून घेते, मग तयार होते."

"आणि तिला काढतंय कोण?"

"नियम काढतो. दर अर्ध्या मिनिटानं प्रत्येकीला हाक जाते, आहेस का? तीनदा ओ दिली नाही तर ती मेली असं धरायचं आणि तिच्या जागी दुसरी..." ती बोलता बोलता थांबली.

"म्हणजे दीड मिनिटात घरी."

 

मग मी त्यांना त्या बाईचं सांगितलं. आजवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

मी नुकती मुकादम झाले होते. एका सोमवारी ढीग गजापर्यंत आला म्हणून बदलीची बाई मागवली. उंच, मनगटावर भाजल्याचा डाग. आली आणि गाठोड्यांच्या फळ्यांसमोर नुसती उभी राहिली. मी हाक मारली, "अगं, हात चालव की!" ओ नाही. तीनदा हाक मारली आणि सांगितलं, जा घरी. दुसरी मागवली. तीही तशीच उभी. तिलाही घालवली. मग तिसरी. दुपारपर्यंत मी तिघींना परत पाठवलं आणि ढीग खिडकी झाकून वर गेला. आमच्यातली सगळ्यात जुनी बाई तेव्हा म्हणाली, "मुकादम, गाठोड्यांवर वॉर्डांची नावं लिहिलेली असतात. त्यांना वाचता येत नाही. कुठली खूण कुठल्या फळीची, ते बघून बघून पाठ करत होत्या त्या."

मलाही तेव्हा वाचता येत नव्हतं. पहिल्या दिवशी मीही त्याच फळ्यांसमोर तशीच उभी होते. फरक एवढाच की आमचा तेव्हाचा मुकादम चहाला गेला होता.

"मग? बोलावलीत परत?" सूनबाईनं विचारलं.

"माणूस पाठवला. दोघी आल्या. ती उंच आली नाही."

 सूनबाईनं वही उलटी चाळली. "आधी मिनिटात तयार व्हायची मशीन," ती फोनवर म्हणाली. "आपणच सहा महिन्यांपूर्वी जुन्या रोग्यांची माहिती त्यात कोंबली, तेव्हापासून चार मिनिटं लागतात. हाक मारायचा नियम मात्र जुनाच राहिला."

"कोंबली मी," घाईकर म्हणाला. "काकू, मी तेव्हा नवीन होतो, माझ्यामागे घाई लावणारं कोणीतरी चहाला गेलं असतं तर बरं झालं असतं."

तिनं नियमात घातलं की नवीन आलेलीला पहिली पाच मिनिटं हाक मारायचीच नाही. मग जाणाऱ्यांचाही नियम मला वाचून दाखवला. निघणारीनं फॉर्म भरायला आलेला नवीन माणूस घ्यायचा नाही, हातातली माणसं संपवायची, त्यासाठी दहा मिनिटं.

"हातातलं पिळून झाल्याशिवाय मी कोणाला पाठवत नव्हते," मी म्हटलं.

"दहा मिनिटं पुष्कळ झाली, आई."

एक तारखेला नऊ वाजता आम्ही दोघी टेबलाशी होतो. रेघ उभी चढली. चारच्या पाच झाल्या, पाचाच्या सहा. सूनबाई तोंडानं आकडे मोजत होती आणि तिचा गुडघा टेबलाला धडकत होता. सातवी आली. ती आधी तयारच होईना, एक मिनिट, दोन, चार. नियमानं तिला राहू दिलं. मग ती कामाला लागली आणि रेघ खाली वाकली. नऊ वाजून दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती.

दहाच्या सुमाराला गर्दी ओसरली. एकेक मशीन हातातलं संपवून जाऊ लागली. सहावीत एकच माणूस उरला आणि तो काही हलेना.

"उघडं ठेवून चहाला गेलं असणार कोणीतरी," घाईकर म्हणाला. "एक मिनिट उरलंय, जाऊ दे ती."

कोण आहे ते सूनबाईला दिसत नव्हतं, फॉर्ममध्ये कुठे आहे तेवढंच दिसत होतं. "मघाशी नावाच्या रकान्यात होता," ती म्हणाली. "आता पत्त्याच्या आहे. म्हणजे लिहितोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं.  मोबाइलवर लिहिताना माझं बोट एकेका अक्षरासाठी किती भटकतं ते ती रोज बघते. तिनं हातानं वेळ वाढवली. पुन्हा एकदा वाढवली. घाईकर उसासे टाकत राहिला. तेविसाव्या मिनिटाला फॉर्म आला आणि सहावी मशीन आपली आपण बंद झाली.

"बाप रे! एवढं काय लिहीत होता?"

"पत्ता," सूनबाई म्हणाली. नियमातला दहाचा आकडा खोडून तिनं तीस केला. मग लॅपटॉप मिटला, टेबलावरचे कप गोळा केले, आणि इतक्या दिवसांनी आम्ही बसून जेवलो.