बाळ येशूची सीट

सेबू शहरातल्या बाळ येशूच्या जत्रेला गाडीनं निघताना सासूबाईंनी घरातली बाळ येशूची मूर्ती माझ्या दोन वर्षांच्या मुलाच्या, किकोच्या, मागच्या बाजूला बसवलेल्या बेबी सीटमध्ये ठेवली आणि पट्टे आवळले. मग किकोला मांडीवर घेऊन त्या पुढे बसल्या.

"आई, समोर एअरबॅग आहे. उघडली तर पोरावरच आदळेल," मी म्हणाले.

"मला नको शिकवूस. पाच पोरं मांडीवरच वाढवलीत मी."

नवऱ्यानं गाडी सुरू केली.

पुलाजवळ पोलिसानं अडवलं. मागच्या खिडकीतून आत वाकून मूर्ती बघताच त्यानं आधी क्रुसाची खूण केली, मग सासूबाईंना विचारलं, "लोला, अहो आजी, देवाला पट्टा आणि पोर मांडीवर?"

"मूर्ती पणजीची आहे रे बाबा. फुटली तर दुसरी कुठून आणू?"

पोलिसानं मला बोटानं बेबी सीट दाखवली. मी उतरले, किकोला सीटमध्ये बांधलं आणि मूर्ती सासूबाईंच्या मांडीवर दिली.

पुढच्याच वळणावर एक 'जीपनी', म्हणजे प्रवासी जीप, आडवी आली. नवऱ्यानं करकचून ब्रेक दाबला. किकोची झोपसुद्धा मोडली नाही, पण मूर्ती निसटून आपटली आणि तिचा हात तुटला. सासूबाई ओक्साबोक्शी रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बघितलंस? पोरावरचं संकट देवानं स्वतःवर घेतलं!"

गल्लीत सगळे आता हाच चमत्कार सांगतात. पट्ट्याचं नाव कुणी काढत नाही.